आज्ञा अचूक, वाट चुकीची

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटच्या, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या योजनेच्या, सुधारित आराखड्याला मंजुरी दिली. रक्कम होती १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये. बातम्यांत तो आकडा झळकला, पण खेड्यांच्या दृष्टीने त्यात जो खरा बदल होता त्याची चर्चा फारशी झाली नाही. आधीच्या रचनेत तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली फायबर केबल सरळ रेषेत ग्रामपंचायतीपर्यंत जायची. वाटेत जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावं गप्प. नव्या आराखड्यात या रेषेची दोन्ही टोकं जोडून वर्तुळ करायचं आहे, ज्याला तंत्रज्ञ रिंग म्हणतात, आणि तालुक्यात व ग्रामपंचायतीत राउटर बसवायचे आहेत. अमरावती जिल्ह्यात तालुके १४, अकोल्यात ७. राउटिंग हा विषय आजवर मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमधला मानला जाई. आता तो धारणी, तेल्हारा, पातूर, नांदगाव खंडेश्वर इथल्या एखाद्या कपाटात येऊन बसणार आहे. त्या कपाटापुढे उभं राहून यंत्राचं बोलणं समजून घेणारी माणसं इथेच लागतील. ती तयार करण्याची आपली पद्धत मात्र एका बाजूला कललेली आहे. राउटरला आज्ञा कशा द्यायच्या हे आपण शिकवतो. बिघडलेलं जाळं कसं वाचायचं हे जवळजवळ शिकवतच नाही. माझ्या मते खरी विद्या या दुसऱ्या भागात आहे आणि शिकण्याची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

राउटरचं काम सांगायला सोपं आहे. डेटाचं प्रत्येक पॅकेट कुठे जायचं तो पत्ता स्वतःवर घेऊन येतं. राउटर आपल्याजवळच्या तक्त्यात तो पत्ता शोधतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे सोपवतो. पुढे त्याचं काय झालं हे त्याला कळत नाही. हा तक्ता, म्हणजे राउटिंग टेबल, हाताने लिहिता येतो. पण हाताने लिहिलेली वाट दूर कुठेतरी तुटली तरी तक्त्यात तशीच राहते, आणि राउटर इमानाने पॅकेटं त्याच दिशेला पाठवत राहतो. म्हणून राउटरांनी आपसांत बोलून वाटा ठरवण्याची रीत निघाली. त्या बोलण्याच्या नियमांना राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात. एका संस्थेच्या जाळ्याच्या आत आरआयपी, ओएसपीएफ, आयएस-आयएस हे प्रोटोकॉल चालतात; एका संस्थेच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात जायचं तर जगभर एकच, बीजीपी.

हे समजून घ्यायला वऱ्हाडचाच नकाशा घेऊ. अमरावतीहून अकोल्याला जायच्या दोन वाटा सगळ्यांना माहीत आहेत. एक बडनेरा, मूर्तिजापूर असा राष्ट्रीय महामार्ग ५३. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते मूर्तिजापूरच्या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. दुसरी वाट दर्यापूरवरून. आता लॅपटॉपवर सहा आभासी राउटर उभे करायचे आणि त्यांना अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, दर्यापूर आणि अचलपूर अशी नावं द्यायची. पहिले पाच एकमेकांना जोडून वर्तुळ होतं. अचलपूर फक्त अमरावतीला जोडलेलं. आधी आरआयपी चालू करावा. १९८८ साली प्रमाणित झालेला हा प्रोटोकॉल टप्पे मोजतो, बाकी काही पाहत नाही. दर्यापूरवरून अकोला दोन टप्प्यांवर, महामार्गाने तीन, म्हणून सगळी वाहतूक दर्यापूरवरून. महामार्गाची बाजू दहापट वेगवान असली तरी त्याला त्याचं सोयरसुतक नाही. मग अमरावती आणि अचलपूरमधला दुवा तोडावा. अमरावतीला कळतं की अचलपूर गेलं. पण अकोल्याकडे अजून जुनी बातमी असते, ती मूर्तिजापूरला मिळते, तिथून बडनेऱ्याला, आणि बडनेरा अमरावतीला सांगतं की अचलपूरची वाट माझ्याकडे आहे. अमरावती विश्वास ठेवते. ज्या गावाला कोणतीच वाट उरलेली नाही त्या गावाची पॅकेटं वर्तुळात फिरू लागतात, दर फेरीला टप्प्यांचा आकडा वाढत जातो, आणि १६ झाल्यावर प्रोटोकॉल मान्य करतो की वाट नाही. आरआयपीत १६ म्हणजे अनंत. हे प्रत्येक वेळी घडत नाही, वेळेचा योग जुळावा लागतो. पण ते एकदा पडद्यावर घडताना पाहिलेल्या विद्यार्थ्याला ऐकीव माहितीवर चालणाऱ्या प्रोटोकॉलची मर्यादा पुन्हा सांगावी लागत नाही.

ओएसपीएफची रीत निराळी. इथे प्रत्येक राउटर आपल्या दुव्यांची माहिती सगळ्यांना कळवतो, त्यातून प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा तयार होतो, आणि त्या नकाशावर प्रत्येक जण स्वतः सर्वांत स्वस्त वाट काढतो. ती काढण्याचं गणित डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेलं. पाठ्यपुस्तकांत ते असतं, परीक्षेत त्यावर गुणही मिळतात. पण पाठ्यपुस्तकातल्या नकाशावर प्रत्येक रेषेची किंमत आधीच लिहिलेली असते. खऱ्या राउटरवर ती किंमत वेगावरून ठरते, आणि खाचखळगा नेमका इथे आहे. अनेक राउटरांवर मूळ हिशेब १०० एमबीपीएसला १ धरून केलेला असतो, आणि १ च्या खाली किंमत जात नाही. म्हणजे १०० एमबीपीएसचा दुवाही १, आणि १ जीबीपीएसचाही १. आपल्या नकाशात महामार्गाचे तिन्ही दुवे १ जीबीपीएसचे आणि दर्यापूरचे दोन्ही १०० एमबीपीएसचे असले, तर महामार्गाची किंमत ३, दर्यापूरची २. राउटर पुन्हा दर्यापूरलाच पाठवतो. कुठेही चूक दाखवली जात नाही, सगळे दिवे हिरवे, पिंग म्हणजे चाचणीचं पॅकेट जातंय, आणि अकोल्याचा ग्राहक सांगतो की नेट फार हळू आहे. मोजणीचा पाया सगळ्या राउटरांवर १० जीबीपीएस केला की महामार्ग ३० आणि दर्यापूर २०० होतं, आणि वाहतूक आपोआप वळते. हा पाया एकाच राउटरवर बदलला तर? तर निरनिराळे राउटर निरनिराळ्या हिशेबाने किमती जाहीर करतात, आणि जाताना एका वाटेने गेलेलं पॅकेट येताना दुसऱ्या वाटेने येऊ लागतं. आज्ञा एका ओळीची आहे, पाठ करायला दोन मिनिटं पुरतात. ती कधी लागते हे ओळखायला मात्र लक्षणावरून कारणाकडे जाण्याची सवय लागते, आणि ती सवय सगळं सुरळीत चालणाऱ्या जाळ्यावर कधीच लागत नाही.

म्हणून बिघाड मुद्दाम घडवावे लागतात. ओएसपीएफचे राउटर साधारणपणे दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला हॅलो पाठवतात. ४० सेकंद हॅलो आला नाही की शेजारी मेला असं धरतात. बडनेऱ्यावर १० चे १५ करा. दुवा जिवंत, पिंग जिवंत, पण अमरावती आणि बडनेरा शेजारी होत नाहीत, कारण दोघांच्या घड्याळाचा करार जुळत नाही. दुसरा प्रयोग त्याहून बोलका. एका दुव्याच्या दोन टोकांना पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा वेगळी ठेवा, एकीकडे १५००, दुसरीकडे १४००. आता हॅलो दोन्हीकडून पोचतात, ओळख होते, पण नकाशांची देवाणघेवाण सुरू व्हायच्या आधीच बोलणं अडतं. राउटरला शेजाऱ्याची अवस्था विचारली तर तो एक्सस्टार्ट असं सांगतो आणि तिथेच अडकून राहतो. जाणकार माणूस हा एक शब्द वाचून आकाराच्या मर्यादेकडे वळतो. अवस्था इनिट असेल तर मला त्याचं ऐकू येतंय पण त्याला माझं येत नाही, म्हणजे शोध एकतर्फी अडथळ्याचा घ्यायचा. राउटर आपला आजार लपवत नाही. त्याला काय विचारायचं आणि उत्तरातला कोणता शब्द धरायचा, हेच शिकायचं असतं. वायरशार्कसारख्या मोफत साधनाने दुव्यावरून जाणारा एकेक हॅलो उघडून पाहता येतो. त्यात घड्याळाचे आकडे स्पष्ट दिसतात, आणि पुस्तकातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा जास्त लक्षात राहतात.

हे सगळं छोट्या जाळ्यांपुरतं आहे, असं वाटू शकतं. जगातल्या मोठ्या घटना पाहिल्या तर उलटच दिसतं. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानच्या सरकारी आदेशावरून तिथल्या दूरसंचार कंपनीने यूट्यूब देशापुरतं बंद करायचं ठरवलं. यूट्यूब तेव्हा १,०२४ पत्त्यांचा एक गट जगाला जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्याच २५६ पत्त्यांची वाट आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं. राउटरचा नियम असा की दोन वाटा जुळत असतील तर अधिक नेमकी, म्हणजे लहान गटाची, वाट खरी मानायची. ही घोषणा देशाच्या आतच राहायला हवी होती. ती बाहेरच्या जोडणीवरून जगात गेली, पलीकडच्या कंपनीने ती न तपासता पुढे दिली, आणि सुमारे दोन तास जगभरातल्या लोकांच्या यूट्यूबच्या विनंत्या पाकिस्तानच्या दिशेने जाऊन नाहीशा होत राहिल्या. भारतातही हे घडलं आहे. १२ मार्च २०१५ रोजी हॅथवेच्या जाळ्यातून गूगलच्या ३०० हून अधिक वाटा चुकून भारती एअरटेलकडे जाहीर झाल्या, एअरटेलने त्या पुढे जगाला सांगितल्या, आणि भारताबाहेरच्या लोकांनाही काही काळ गूगल नीट मिळेना. कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स कंपनीने सुधारणेच्या कामात एका राउटरवरची गाळणी काढली. त्यामुळे वाटांचा एवढा लोंढा मुख्य राउटरांवर आला की ते कोसळले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक तुटले, तातडीच्या ९११ क्रमांकालाही अनेकांचे फोन लागेनात, आणि दुरुस्ती करणाऱ्यांना राउटरपर्यंत पोचायचं जाळंही तेच असल्याने कारण सापडायला कित्येक तास गेले.

या तिन्ही ठिकाणी एकही आज्ञा व्याकरणाने चुकीची नव्हती. राउटरने त्या स्वीकारल्या आणि अक्षरशः पाळल्या. आपण बोललेलं शेजारी खरं मानेल आणि पुढे सांगेल, त्याच्या शेजाऱ्याकडून ते आणखी पुढे जाईल, हा विचार करायचा राहून गेला. बीजीपीची पहिली रूपरेषा १९८९ मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर लिहिली. त्या काळच्या छोट्या, एकमेकांना ओळखणाऱ्या जगाचा विश्वास त्या प्रोटोकॉलमध्ये उतरला आहे. आज त्याच्या तक्त्यात नऊ लाखांहून अधिक वाटा असतात. आता आरपीकेआय नावाची सही तपासण्याची सोय आली आहे, पण ती चालू करणारा, गाळणी लिहिणारा आणि चुकली तर ओळखणारा माणूसच असतो. सुरक्षेचा आणि निदानाचा अभ्यास इथे वेगळा करता येत नाही.

वऱ्हाडात या साऱ्याला स्थानिक रंग येतो. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद खोलीतल्या राउटरला तो सोसत नाही आणि उपकरण दुपारी स्वतःला बंद करून घेतं, रात्री पुन्हा शहाण्यासारखं चालतं. लाइट जाते. बदल करून तो कायमचा साठवून ठेवला नसेल, तर लाइट आल्यावर राउटर जुन्याच आठवणीसह जागा होतो, आणि महिन्यापूर्वी मिटवलेली तक्रार पुन्हा उभी राहते. रस्त्याच्या कामात केबल तुटते. ग्राहकाची तक्रार मात्र प्रत्येक वेळी एवढीच: नेट चालून नाही राह्यलं. १३ नोव्हेंबर २०२१ नंतर अमरावती शहरात प्रशासनाच्या आदेशाने इंटरनेट बंद होतं, तेव्हाही पडद्यावर दिसणारं लक्षण हेच होतं. उन्हाने बंद पडलेलं यंत्र, तुटलेली केबल, न जुळलेलं घड्याळ, चुकीची घोषणा आणि सरकारी आदेश ही पाच अगदी वेगळी कारणं आहेत. त्यांच्यात फरक करता येणं हेच या कामातलं कौशल्य. आणि रिंगबद्दल एक गोष्ट आत्ताच समजून घेतली पाहिजे. वर्तुळाचा एक दुवा तुटला की वाहतूक उलट बाजूने फिरते, गावात कुणालाच काही कळत नाही, तक्रार येत नाही. सगळे खूश. महिन्याभराने दुसरा दुवा तुटतो आणि मधली गावं एकदम अंधारात जातात. रिंग पहिला बिघाड झाकते. म्हणून रिंग उभारल्यावर पाहणाऱ्या माणसाची गरज कमी होत नाही, वाढते. फक्त त्याने तक्रारीची वाट न बघता शेजाऱ्यांची यादी स्वतःहून तपासायची असते.

यावर पहिला आक्षेप साधनांचा येतो. राउटर महाग, महाविद्यालयांकडे पैसा नाही, आणि लॅपटॉपवरचा खेळ तो खेळच. पंधरा वर्षांपूर्वी यात तथ्य होतं. आज सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं; ते अनुकरण आहे, त्यात सगळे बिघाड घडत नाहीत, हे खरं. पण एफआरराउटिंग हे मुक्त सॉफ्टवेअर तसं नाही. मोठ्या डेटा सेंटरच्या स्विचमध्ये चालणाऱ्या सोनिक या प्रणालीत राउटिंगसाठी तेच वापरलं जातं. साध्या लिनक्स लॅपटॉपवर त्याच्या सहा प्रती सहज चालतात, म्हणजे विद्यार्थ्यासमोर खेळणं नसून खरं यंत्रच असतं, फक्त पत्र्याच्या पेटीशिवाय. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बडनेऱ्याचं राम मेघे, शेगावचं गजानन महाराज महाविद्यालय, आणि हार्डवेअर व नेटवर्क मेंटेनन्सचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या आयटीआय संस्था यांच्यात लागणाऱ्या साधनांचा फरक आता फार उरलेला नाही. उष्णता, वीज आणि केबल यांचे धडे मात्र लॅपटॉपवर मिळत नाहीत, आणि त्यासाठी जुने वापरलेले दोनतीन राउटर, एखादा स्वस्त मायक्रोटिक आणि एक फाटकी केबल प्रयोगशाळेत असायलाच हवी.

दुसरा आक्षेप अधिक दुखरा आहे: इथे शिकून करायचं काय, नोकरी तर पुण्याला किंवा बंगळुरूला. शिकलेल्यांतले बरेच जण जातीलच, आणि जावं. घराला पगार लागतो. पण इथली गरज काल्पनिक नाही. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने डिजिटल गाव म्हणून पुढे आलं. न वापरलेल्या टीव्ही लहरींवरून तिथे इंटरनेट पोचवायचा प्रयोग झाला. २०१९ च्या निवडणूक प्रचारात त्याच गावाच्या प्रत्यक्ष स्थितीवरून राज्यभर वाद झाला. राजकीय दावे-प्रतिदावे बाजूला ठेवले तरी एवढं दिसतं की डोंगरातल्या गावात यंत्र पोचवणं आणि ते वर्षानुवर्षं चालू ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी धारणीहून तासाभरात पोचणारा, कोरकू किंवा वऱ्हाडी बोलणारा आणि राउटरशीही बोलू शकणारा माणूस लागतो. सुधारित भारतनेटमध्ये दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. त्या कामाचा काही भाग वऱ्हाडातल्या तरुणांकडे यावा असं वाटत असेल, तर कंत्राटं निघाल्यावर शिकायला बसून चालणार नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा. कॉन्फिगरेशन आता स्वयंचलित होतं, कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलं की आज्ञा तयार मिळतात, मग हे शिकायचं कशाला? माझ्या म्हणण्याला याने बळच मिळतं. आज्ञा लिहिणं स्वस्त झालं असेल तर शिक्षणाचा भार निदानाकडे सरकायलाच हवा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा कंपनीकडे धोकादायक आज्ञा अडवणारं स्वयंचलित साधन होतं. त्यातल्याच दोषामुळे आज्ञा अडली नाही. डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं, आणि ते तुटल्याचं दिसताच नावांवरून पत्ते सांगणारे सर्व्हर ठरल्याप्रमाणे आपल्या बीजीपी घोषणा मागे घेऊन बसले. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जाऊन यंत्रापुढे बसावं लागलं.

मग परीक्षा कशी असावी? विद्यार्थ्याला कोऱ्या राउटरवर ओएसपीएफ चालू करायला सांगण्याऐवजी वर सांगितलेलं सहा राउटरांचं जाळं बिघडवून द्यावं, तीन तास द्यावेत, आणि काय दिसलं, त्यावरून काय वाटलं, काय तपासलं, काय खोटं ठरलं हे वेळेसह लिहायला लावावं. दुरुस्ती जमली नाही तरी योग्य कारणं क्रमाने बाद केल्याचे गुण मिळावेत. शिक्षकांवर भार वाढेल ही तक्रार येईल, पण कॉन्फिगरेशन म्हणजे साधा मजकूर असतो; बिघाड घालणं आणि तपासणं दोन्ही छोट्या स्क्रिप्टने होतं, आणि एका महाविद्यालयाने केलेले बिघाड दुसऱ्याला फोनवरही पाठवता येतात. बिघाड तीन असावेत. एकाचं लक्षण अकोल्यात दिसावं आणि कारण बडनेऱ्यात असावं. दुसऱ्याची तक्रारच नसावी: वर्तुळाचा एक दुवा आधीच मेलेला, वाहतूक उलट बाजूने सुरळीत, आणि प्रश्नपत्रिकेत त्याचा उल्लेख नाही. तिसरा कोणत्याच कॉन्फिगरेशनमध्ये नसावा. परीक्षकाने त्या जाळ्याला जोडलेल्या खऱ्या राउटरची टेबलाखालची केबल अर्धवट उपसून ठेवलेली असावी, म्हणजे विद्यार्थी पडद्यावरून नजर काढून दिव्यांकडे किती वेळाने पाहतो हेही नोंदवता येईल.